मैदानावर वाढलेले डॉक्टर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

डॉ. वेस पेस यांचे १४ ऑगस्ट २०२५ रोजी कोलकात्यात निधन झाले, तेव्हा आमच्या फिरायला येणाऱ्या मंडळींपैकी बहुतेकांना ते लिअँडर पेस यांचे वडील एवढेच ठाऊक होते. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये हॉलंडला २-१ असे हरवून कांस्यपदक मिळवणाऱ्या भारतीय हॉकी संघात ते होते, हे सांगितल्यावर एकाने तर मला दोनदा विचारून खात्री करून घेतली. लिअँडरने १९९६ मध्ये अटलांटाला टेनिसचे कांस्यपदक मिळवले आणि बापलेकांची पदके एकाच धातूची झाली. हा योग सर्वांच्या लक्षात राहिला, पण माझ्या मते त्याहून मोलाची गोष्ट मागे पडली.

गोव्यात जन्मलेल्या या मधल्या फळीतल्या खेळाडूने वैद्यकीय पदवी घेतली आणि स्टिक ठेवल्यावर क्रीडावैद्यक हेच आपले क्षेत्र केले. भारताच्या डेव्हिस कप टेनिस संघाचे डॉक्टर म्हणून त्यांनी काम केले, तसेच क्रिकेट नियामक मंडळाला उत्तेजक द्रव्यांबाबत आणि खेळाडूंच्या वयाच्या पडताळणीबाबत मार्गदर्शन केले. सोळा वर्षांखालील मुलाच्या डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांच्या वाढीवरून त्याचे वय ठरवतात. खोट्या जन्मदाखल्यामुळे खऱ्या वयाच्या मुलाची जागा कशी जाते, हे त्या वयात मैदानावर घाम गाळलेल्या डॉक्टरला वेगळे समजवावे लागत नाही.

मी तीस वर्षे क्रीडाशिक्षक होतो. मुरगळलेल्या घोट्याला बर्फ लावण्याऐवजी तेल चोळून मुलांना पुन्हा मैदानात पाठवण्याचे पाप मीही केले आहे (तेव्हा आम्हाला तेवढेच येत होते). आमच्या स्पर्धांना प्रथमोपचाराची पेटी असे, डॉक्टर मात्र क्वचितच दिसे, आणि जो दिसे तो बहुधा एखाद्या खेळाडूचा पालक म्हणून आलेला असे. दुसरीकडे, दहावीत चांगले गुण पडले की त्याच वर्षी मुलाची स्टिक माळ्यावर जाते, कारण त्याला डॉक्टर व्हायचे असते. जणू ही दोन्ही कामे एका माणसाला जमतच नाहीत.

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय आपल्याच शहरात, म्हसरूळला आहे. राज्य किंवा राष्ट्रीय पातळीवर खेळणाऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्याचे स्पर्धेच्या काळात बुडालेले वर्ग आणि प्रात्यक्षिके नंतर भरून घेण्याची खात्रीची सोय विद्यापीठाने करावी, आणि आंतरवासितेतील (इंटर्नशिप करणाऱ्या) डॉक्टरांना काही दिवस जिल्हा शालेय स्पर्धांच्या मैदानावर नेमता येईल का, याचा विचार करावा, अशी विनंती आपल्या पत्रामार्फत करतो. पहिली सुरुवात नाशिकच्या मैदानांवर झाली, तर तेलाची बाटली घेऊन धावणाऱ्या माझ्यासारख्यांना बाजूला करण्याचे काम मी स्वतः आनंदाने करीन.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, नाशिक रोड