जिन्यात सांडलेलं पाणी

आदरणीय काका,

सा. नमस्कार.

समोरच्या खोलीत येऊन आभार मानता आले असते. पण ते चारचौघांत मानायचे होते, म्हणून हे उघड पत्र.

टी.वाय.ला मी मायटोकॉन्ड्रियापाशी अडले होते. 'पेशीचं पॉवरहाऊस' शाळेपासून पाठ होतं. पण ज्या ऑक्सिजनवर आपण जगतो, त्याच्यापासूनच तिथे घातक रेणू का तयार होतात, हे काही केल्या डोक्यात शिरेना. क्लासमध्ये विचारलं तर म्हणाले, "दोन मार्कांचं आहे, पाठ कर." त्या संध्याकाळी गॅलरीत मी रडवेली होऊन उभी होते. तुम्ही कालनिर्णयचं जुनं पान उलटं केलंत, ब्लेडने पेन्सिल तासलीत आणि आपल्या गिरगावातल्या चाळीचा जिना काढलात.

पूर्वी पाणी तळमजल्यावरच यायचं, बादल्या हातोहात वर जायच्या. मायटोकॉन्ड्रियात इलेक्ट्रॉनही तसेच, कॉम्प्लेक्स नावाच्या प्रथिनसमूहांच्या साखळीतून हातोहात जातात, म्हणालात. त्या देवाणघेवाणीतल्या ऊर्जेने प्रोटॉन आतल्या पडद्यापलीकडे ढकलले जातात आणि त्यांच्या दाबावर एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, बनतं. शेवटी चौथ्या कॉम्प्लेक्सवर ऑक्सिजनला चारही इलेक्ट्रॉन मिळतात, त्याचं पाणी होतं. पण वाटेतच, पहिल्या किंवा तिसऱ्या कॉम्प्लेक्सपाशी, एकच इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला चिकटला, की सुपरऑक्साइड, तोच घातक रेणू! तिथे तुम्ही पायरीखाली एक थेंब काढलात.

"पाणी जास्त कधी सांडायचं?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, घाईत. "नाही गं. वरचं पिंप भरलं की वरचे हात थांबायचे, खालून बादल्या येतच राहायच्या. तेव्हा जिना ओला व्हायचा." एटीपीला मागणी नसली की साखळी तुंबते आणि गळती वाढते. मी नेमकं उलटं धरून बसले होते, काम जास्त तर गळती जास्त! त्या एका प्रश्नाने सगळा धडा उलगडला.

जिना पुसणारं एन्झाइम, सुपरऑक्साइड डिसम्युटेज, मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी १९६९ साली ओळखलं, हेही तेव्हाच कळलं. त्यातून होणारं हायड्रोजन पेरॉक्साइड थोडं असेल तर पेशी ते निरोपासारखं वापरते, हे तुम्ही आवर्जून सांगितलंत, मी त्याला नुसतं विष समजू नये म्हणून.

काका, आता मी एम.एस्सी.ला आहे. ते पान माझ्या वहीत आहे. हार्ट अटॅकनंतर रक्तपुरवठा पुन्हा सुरू होतो, तेव्हा साठलेल्या सक्सिनेटमुळे (साखळीला इलेक्ट्रॉन पुरवणारा रेणू) इलेक्ट्रॉन उलटे पहिल्या कॉम्प्लेक्सकडे जातात, असं वाचलंय. बादल्या जिना उतरायला लागल्या की काय होतं, ते समजून घ्यायला रविवारी येते. पेन्सिल तासून ठेवा.

तुमची,
समोरच्या खोलीतली