लाळेच्या नळीतून धावपटू निघत नाही

संपादक महोदय,

पोलीस भरतीचे वारे वाहू लागले की कोकणातल्या पुळणींवर पहाटे पोरापोरींची गर्दी वाढते. हल्ली त्यांच्या मोबाइलवर एक जाहिरातही हटकून येते: लाळेचा नमुना पाठवा, तुमच्या जनुकांना साजेसा व्यायाम आणि आहार घरबसल्या मिळवा. यात काही हजार रुपये जातात. भरतीची तयारी करणाऱ्याने ते चांगल्या बुटांवर घालवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

या अहवालांत एसीटीएन-३ हे जनुक बहुधा ठळकपणे छापलेले असते. स्नायूंच्या वेगवान तंतूंतले एक प्रथिन त्यावरून बनते. ज्यांच्या या जनुकाच्या दोन्ही प्रती बंद असतात, अशी माणसे अव्वल स्प्रिंटरांत क्वचितच दिसतात. इथपर्यंत शास्त्र पक्के आहे, पुढची उडी विक्रेत्याची. सर्वसामान्य माणसांच्या वेगातला जेमतेम दोन-तीन टक्के फरक या जनुकाने उलगडतो. 2015 मध्येच ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’मधून तज्ज्ञांनी एकमताने सांगितले होते की, खेळाडू निवडायला किंवा कुणाचा सराव ठरवायला अशा चाचण्या वापरू नयेत. आहाराचेही तेच. स्टॅनफर्डने 609 जणांना वर्षभर कमी चरबीच्या किंवा कमी पिठूळ आहारावर ठेवले. आहार जनुकांशी ‘जुळला’ काय, न जुळला काय, वजन घटण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. हा निष्कर्ष 2018 चा आहे.

भरतीच्या मुलांना तर या अहवालाचा मुळातच उपयोग नाही. शिपाईपदाच्या मैदानी चाचणीचे 50 गुण: मुलांना 1600 मीटर धावण्याचे 20, शंभर मीटरचे 15, गोळाफेकीचे 15. ‘तुमची शरीरयष्टी ताकदीच्या खेळांची’ असे कागदावर आले म्हणून 1600 मीटर कुणी माफ करत नाही. पाच-सहा मिनिटांच्या त्या धावेतली सुमारे 80 टक्के ऊर्जा प्राणवायूच्या जोरावर तयार होते, मग जनुके कुठलीही असोत. म्हणून आठवड्यातून दोन दिवस 400 मीटरच्या चार ते सहा फेऱ्या, मध्ये दोन-तीन मिनिटे चालणे; एक दिवस गप्पा मारता येतील इतक्या सावकाश सहा-सात किलोमीटर; दोन दिवस गोळा आणि ताकदीचा व्यायाम. बहुतेकांचे बिघडते ते रोजच जीव तोडून धावल्याने. महिन्याभरात नडगी धरते आणि मग घरी बसावे लागते.

पुळणीवर धावणाऱ्यांसाठी आणखी थोडे. भुसभुशीत वाळूत धावायला कडक जमिनीच्या दीडपटीहून जास्त ऊर्जा लागते, तेव्हा तिथली वेळ मैदानावरच्या वेळेशी ताडून पाहू नये. ओहोटीला उघडी पडणारी ओली पट्टी बरी, पण ती समुद्राकडे उतरती असते आणि एक पाय सतत खाली पडतो. जाताना जितके अंतर, तितकेच त्याच पट्टीने परतावे, म्हणजे भार दोन्ही पायांवर वाटला जातो. वेळ लावायची ती दर चार आठवड्यांनी, त्याच मैदानावर, त्याच प्रहरी.

एकच सराव सगळ्यांना सारखा लागू पडत नाही, हे खरेच आहे. हेरिटेज नावाच्या अभ्यासात वीस आठवडे एकाच मापाचा व्यायाम करूनही काहींचा दम भरपूर वाढला, काहींचा जवळपास नाहीच. त्या फरकातला निम्म्याच्या आसपास वाटा आनुवंशिक निघाला. पण कुणाचा दम किती वाढेल हे लाळेवरून सांगण्याइतकी ती जनुके अजून हाती लागलेली नाहीत. स्टॉपवॉच दहा आठवड्यांत सांगते. वेळ सुधारतच नसेल तर आधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासावे, मुलींनी तर नक्कीच.

सरावाच्या दृष्टीने महत्त्वाचा एक आनुवंशिक दोष मात्र आपल्या दाराशी आहे: सिकलसेल, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणारा रक्तदोष. पालघरच्या आदिवासी पट्ट्यात तो आढळतो. एकच सदोष प्रत असलेला वाहक एरवी ठणठणीत असतो. पण अंगात पाणी कमी, ऊन चढलेले, सवय नसताना पहिल्याच आठवड्यात पूर्ण जोराने धावायला लावले, तर तो कोसळू शकतो. उष्म्याने आलेल्या गोळ्यात पोटरी दगडासारखी घट्ट होते. सिकलसेलचा वाहक कोसळतो तेव्हा मात्र ती हाताला मऊच लागते आणि पायातली ताकद जाते. ‘नाटक करतोय’ म्हणून त्याला पुढे पळवणे जिवावर बेतते. थांबवावे आणि थेट रुग्णालयात न्यावे. सोल्युबिलिटी ही रक्ताची प्राथमिक चाचणी सकारात्मक आली तर वाहक की रोगी हे एचपीएलसी या पुढच्या रक्तचाचणीने कळते. 2023 पासूनच्या राष्ट्रीय मोहिमेत ही तपासणी सरकारी केंद्रांत मोफत आहे. वाहकाने धावणे सोडायचे कारण नाही. सराव हळूहळू वाढवावा आणि पाणी पीत राहावे.

दीर्घकालीन आरोग्यासाठी घरातला इतिहास लाळेच्या चिपवाल्या (जनुकांतल्या ठरावीक जागाच तपासणाऱ्या) अहवालापेक्षा जास्त बोलतो. वडिलांना किंवा भावाला 55 च्या आत, आईला किंवा बहिणीला 65 च्या आत हृदयविकार झाला असेल, तर लिपिड प्रोफाइलबरोबर लायपोप्रोटीन(ए) हा रक्तातला कोलेस्टेरॉल वाहणारा कण आयुष्यात एकदा तपासून घ्यावे. ते प्रामुख्याने जनुकांवर ठरते, व्यायामाने फारसे हलत नाही. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) 190 च्या वर असेल तर जनुक चाचणीला अर्थ आहे. ती आधी आजारी व्यक्तीची, सिक्वेन्सिंगने (जनुकाची अक्षरे सलग वाचून), समुपदेशकाच्या सल्ल्याने करावी. दोष सापडला की नातेवाइकांत तेवढाच शोधायचा. चिप दुर्मीळ दोषांत दगा देते. 2021 च्या ‘बीएमजे’मधील अभ्यासात चिपने दाखवलेल्या अतिदुर्मीळ बदलांपैकी दहातले आठांहून अधिक खोटे निघाले होते. गोपनीयतेचे म्हणाल तर 2023 मध्ये लाळेवरून जनुके तपासणाऱ्या अमेरिकेतल्या ट्वेंटीथ्री-अँड-मी कंपनीच्या सुमारे 69 लाख ग्राहकांची माहिती चोरीला गेली. तुमच्या लाळेत भावंडांचीही माहिती असते.

भरतीपूर्व शिबिरे भरवणाऱ्यांनी प्रवेशअर्जावर तीन प्रश्न छापावेत. धावताना कधी भोवळ आली होती का? घरात कुणी चाळिशीच्या आत अचानक दगावले आहे का? सिकलसेल तपासणी झाली आहे का? पहिल्या दोहोंपैकी एकाचेही उत्तर ‘हो’ असेल, तर ईसीजी आणि टू-डी इको पाहून डॉक्टर हिरवा कंदील देईपर्यंत त्या मुलाला मैदानावर उतरवू नये.

– क्रीडावैद्यक क्षेत्रातील एक वाचक, रत्नागिरी