चष्म्याचा नंबर काढणे म्हणजे पडदा तपासणे नव्हे

महोदय,

दर वर्षी १४ नोव्हेंबरच्या मधुमेह दिनाला वृत्तपत्रांतून बरेच लिहून येते. त्यात पाय, मूत्रपिंडे आणि हृदय यांविषयी सविस्तर माहिती असते. डोळ्यांच्या वाट्याला मात्र बहुधा ‘वर्षातून एकदा डोळे तपासून घ्या’ एवढे एकच वाक्य येते. हे वाक्य मी इमानाने पाळले, म्हणजे दर वर्षी चष्म्याच्या दुकानात जाऊन नंबर काढून घेतला आणि तक्त्याची शेवटची ओळ वाचता येते म्हणून निश्चिंत राहिलो. मधुमेहाच्या तेराव्या वर्षी, मोतीबिंदूच्या शंकेने नेत्रतज्ज्ञांकडे गेलो असता त्यांनी थेंब टाकून बाहुल्या मोठ्या केल्या आणि डोळ्याच्या आतला, प्रतिमा उमटते तो पडदा (रेटिना) पाहिला, तेव्हा दोन्ही डोळ्यांत रक्तस्रावाचे ठिपके निघाले.

नजर चांगली असताना हे घडते, याचे कारण मधुमेहामुळे होणाऱ्या पडद्याच्या या आजाराच्या (डायबेटिक रेटिनोपथीच्या) स्वरूपातच आहे. रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की पडद्यातील केशवाहिन्यांना बाहेरून आधार देणाऱ्या पेशी मरू लागतात, भिंती कमकुवत होऊन त्यांना सूक्ष्म फुगे येतात आणि त्यांतून रक्त व द्रव झिरपतो. हा द्रव बारीक वाचनाला लागणाऱ्या मध्यबिंदूपाशी साचला, तरच अक्षरे पुसट होतात. कडेला झिरपला तर रुग्णाला पत्ताही लागत नाही. पुढे काही वाहिन्या बंद पडतात आणि प्राणवायूला मुकलेला पडदा नव्या वाहिन्या वाढवणारे प्रथिन सोडू लागतो. या नव्या वाहिन्या इतक्या नाजूक असतात की त्या फुटून डोळ्यात रक्त उतरते, किंवा त्यांच्याबरोबर वाढलेल्या तंतूंच्या ओढीने पडदाच सुटतो.

याहून कमी ठाऊक असलेली गोष्ट अशी की पडदा हा मुळात मज्जातंतूंचा, मेंदूचाच विस्तार आहे आणि साखरेचा मारा त्या पेशींवरही थेट होतो. रक्तवाहिन्यांत काहीही दिसत नसताना मज्जापेशी झडू लागल्याचे, त्यांचा थर पातळ झाल्याचे आढळते. रंगांतील किंवा फिकट-गडद छटांतील फरक कमी जाणवणे हे याचे लक्षण असू शकते, पण काळ्या अक्षरांच्या तक्त्यावर ते उमटत नाही. लेझर आणि डोळ्यातील इंजेक्शने वाहिन्यांचा उपद्रव आवरतात. झडलेल्या मज्जापेशी मात्र परत येत नाहीत.

साखर आटोक्यात ठेवण्याचा उपयोग किती, हे १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या चाचणीने दाखवले आहे: पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेल्या, पण पडदा निरोगी असलेल्या रुग्णांत काटेकोर नियंत्रणामुळे हा विकार उद्भवण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. रक्तदाबाचे नियंत्रणही तितकेच गांभीर्याने घ्यायला हवे.

आपल्या देशात २०२३ च्या आकडेवारीनुसार सुमारे १०.१ कोटी मधुमेही आहेत. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात निदान होताच पडदा तपासायचा असतो, कारण आजार कळण्याआधी कित्येक वर्षे तो अंगात असू शकतो. थेंब टाकल्यावर काही तास वाचता येत नाही, दुचाकी चालवता येत नाही, म्हणून माणसे टाळाटाळ करतात हे खरे. मीही करत असे. पण आता थेंब न टाकताही पडद्याचे छायाचित्र घेणारे कॅमेरे आहेत, आणि ते छायाचित्र तालुक्यात काढून दूरच्या तज्ज्ञाला दाखवता येते. मधुमेहाच्या औषधांसाठी लोक जेथे दर महिन्याला येतात, त्या सरकारी दवाखान्यांत हा कॅमेरा असावा; आणि रुग्णाच्या कार्डावर साखरेच्या आकड्याशेजारी पडदा शेवटचा कधी पाहिला ती तारीखही लिहिली जावी.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सातारा