मास्तरांची नावे कोण लिहिणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नाताळ जवळ आला की महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती समाजावर वर्तमानपत्रांत लेख येतात. बहुतेक लेख वसईच्या किल्ल्यापासून सुरू होतात आणि गोव्यात जाऊन थांबतात. मी राहुरी तालुक्यातला कॅथलिक, पेशाने शिक्षक, आता निवृत्त. आमच्या भागात पोर्तुगीजांचे राज्य कधी नव्हते. आमची चर्च ज्या पुणे धर्मप्रांतात (एका बिशपच्या अखत्यारीतल्या प्रदेशात) वाढली आणि आता ज्या नाशिक धर्मप्रांतात आहेत, त्यांची हकिकत अगदी वेगळी आहे. ती वाचकांपर्यंत पोहोचावी आणि तिच्यातली एक मोठी उणीव, म्हणजे खेड्यांतले मिशन सांभाळणाऱ्या मास्तरांची कुठेच न लिहिलेली नावे, भरून निघावी, म्हणून हे पत्र.

पुणे शहरापुरते बोलायचे तर सुरुवात फौजेपासून झाली. नाना पेठेतले सिटी चर्च १७९२ चे. सवाई माधवरावांच्या काळात पेशव्यांच्या चाकरीत गोव्याकडचे ख्रिस्ती अधिकारी आणि शिपाई होते, त्यांच्यासाठी पेशव्यांनीच जागा दिली. पुढे इंग्रजांची छावणी बसली, आयरिश सैनिक आले. त्यांच्यासाठी १८५० मध्ये उभारलेल्या चर्चला आयर्लंडच्या संत पॅट्रिकचे नाव मिळाले. आज तेच धर्मप्रांताचे कॅथेड्रल, म्हणजे बिशपचे मुख्य चर्च, आहे. १८५४ मध्ये पुण्याचा कारभार मुंबईपासून वेगळा काढून कॅथलिक फादरांच्या जेझुइट संघाकडे सोपवला गेला. १८७२ मध्ये बिस्मार्कच्या जर्मनीने जेझुइटांवर बंदी घातल्यावर अनेक जर्मन फादरांना मायदेशाबाहेरच काम शोधावे लागले. १८८६ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी पुण्याला रीतसर धर्मप्रांताचा दर्जा दिला. पहिले बिशप बायडर-लिंडन हेही जर्मन जेझुइटच.

नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत मात्र ना पलटण होती, ना छावणीतले चर्च. प्रोटेस्टंटांचे अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून नगरला होते. कॅथलिक फादर बरेच नंतर खेड्यांत उतरले. राहुरी तालुक्यातले केंदळ हे त्यांच्या जुन्या ठाण्यांपैकी एक. लोक आले ते प्रामुख्याने महार आणि मांग वस्त्यांतून. दुष्काळात धान्य मिळाले म्हणून ख्रिस्ती झाले, असे आम्हाला शाळेत तोंडावर ऐकवले जाई. १८९६ आणि १८९९ च्या दुष्काळात मिशनने धान्य वाटले हे खरे आहे, आणि भुकेल्या माणसाने ते घेतले यात मला लाज वाटण्यासारखे काही दिसत नाही. पण पाऊस परतल्यावरही माझे पणजोबा मिशनकडे टिकून राहिले, ते धान्यासाठी नव्हे. गावच्या शाळेत ज्या पोराला दाराबाहेर बसवत, त्याला मिशनच्या शाळेत पाटी घेऊन आत बसता येत होते. आमच्या घरात सांगितले जाते ते कारण हेच.

केंदळचे सगळ्यांत ठळक नाव फादर हेन्री डोरिंग यांचे. १९०३ मध्ये त्यांनी ‘निरोप्या’ हे मराठी मासिक सुरू केले. शंभर वर्षांहून अधिक काळ चाललेली मराठी मासिके किती आहेत, हे वाचकांनीच आठवून पाहावे. डोरिंग १९०७ मध्ये पुण्याचे बिशप झाले. मग पहिले महायुद्ध आले. जर्मन म्हणजे शत्रू, म्हणून ब्रिटिश सरकारने जर्मन फादरांना नजरकैदेत ठेवले आणि पुढे मायदेशी धाडले. डोरिंग यांची तर १९२१ मध्ये जपानात हिरोशिमाला नेमणूक झाली. १९२७ मध्ये ते पुन्हा पुण्याचे बिशप म्हणून आले आणि १९४८ पर्यंत राहिले. त्यांच्यानंतर १९४९ मध्ये अँड्र्यू डिसोझा यांच्या रूपाने पुण्याला भारतीय बिशप लाभले.

या इतिहासात मला नेहमी एक प्रश्न पडतो. जर्मन फादर गेल्यावर खेड्यापाड्यांतले मिशन मोडले कसे नाही? मागे थोडे फादर उरले, नंतर स्विस जेझुइट आले, हे सगळे नोंदलेले आहे. पण एका मिशन बंगल्याच्या हाताखाली अनेक गावे असत. फादर घोड्यावरून किंवा टांग्याने अधूनमधून येणार, मिस्सा (चर्चची मुख्य उपासना) करणार, बाप्तिस्मे देणार आणि पुढच्या गावाला निघणार. बाकीचे सगळे दिवस वस्तीवर असायचा तो मास्तर. दिवसा शाळा, संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात जपमाळ, मुलांना प्रश्नोत्तरे पाठ करून घेणे, कोणी आजारी पडले तर बंगल्यावर निरोप धाडणे, मयत झाली तर मातीला उभे राहणे, आणि ज्याला लिहिता येत नाही त्याचे मुंबईला कामाला गेलेल्या मुलाला पत्र लिहून देणे. प्रार्थना लोकांच्या तोंडी बसली ती मास्तरांच्या मराठीतून.

माझे आजोबा असेच मास्तर होते. त्यांची एक वही माझ्याकडे आहे. कोणाचे मूल केव्हा जन्मले, कोणते कुटुंब हरेगावच्या साखर कारखान्यावर कामाला गेले, कोण रागावून प्रार्थनेला येईनासा झाला, अशा ओळी तीत आहेत. हरेगावला १९४९ मध्ये मतमाउलीची, म्हणजे मारियामातेची, यात्रा सुरू झाली. आता दर सप्टेंबरात तिथे सर्व धर्मांचे लोक लोटतात, नवस बोलतात, फेडतात. तिथल्या सुरुवातीच्या भाविकांत आजोबांच्या वहीतली कुटुंबे होती.

पुढची वाटणी थोडक्यात सांगतो. १९८७ मध्ये नाशिक, नगर आणि खानदेश पुण्यातून वेगळे होऊन नाशिक धर्मप्रांत झाला. पहिले बिशप थॉमस भालेराव. मराठी आडनावाचा माणूस बिशपच्या आसनावर बसलेला पाहून आमच्या वस्तीतली म्हातारी माणसे रडली होती. २००५ मध्ये सिंधुदुर्ग वेगळा झाला. पुणे आणि नाशिक मुंबई महाधर्मप्रांताशी जोडलेले आहेत, सिंधुदुर्ग गोवा-दमण महाधर्मप्रांताशी. बिशपांची नेमणूक पोप करतात, बिशप धर्मग्रामांवर (एकेका चर्चच्या हद्दीवर) फादर नेमतात, आणि धर्मग्रामात पॅरिश कौन्सिल असते. या उतरंडीत वरच्या प्रत्येकाचे नाव आणि साल सापडते. मास्तरांचे सापडत नाही. रौप्यमहोत्सवाच्या स्मरणिका मी चाळल्या आहेत. बिशपांचे फोटो, फादरांची यादी, आणि मास्तरांसाठी ‘अनेक धर्मशिक्षकांनी परिश्रम घेतले’ एवढे एक वाक्य. हे मला सहन होत नाही. ज्यांच्या खांद्यावर धर्मप्रांत उभा राहिला त्यांना नाव नको?

नावे अजून मिळू शकतात. बाप्तिस्मा आणि विवाहाच्या जुन्या रजिस्टरांत साक्षीदार किंवा धर्मपिता (बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची जबाबदारी घेणारा) म्हणून मास्तरांची नावे वारंवार दिसतात. ही रजिस्टरे लॅटिनमध्ये आहेत, गावांची नावे जर्मन माणसाच्या कानाला ऐकू आली तशी लिहिलेली आहेत, आणि कागद झिजत चालला आहे. काही वर्षांपूर्वी नात्यातल्या एका वृद्धेच्या जन्मतारखेचा पुरावा हवा होता म्हणून आम्ही एका धर्मग्रामात गेलो, तर हव्या त्या वर्षाचे पान हातातच तुकडे होऊन आले. त्या पानावर आणखी किती जणांची नोंद होती, कोणास ठाऊक.

२०२७ मध्ये नाशिक धर्मप्रांताला ४० वर्षे होतील. त्याआधी नाशिक आणि पुणे या दोन्ही धर्मप्रांतांनी जुन्या रजिस्टरांची छायाचित्रे काढून ठेवावीत, ‘निरोप्या’चे सुरुवातीचे अंक स्कॅन करून अभ्यासकांना खुले करावेत आणि धर्मग्रामवार मास्तरांची यादी तयार करावी, अशी माझी विनंती आहे. पुणे विद्यापीठातील मराठी आणि इतिहास विभागांनी यात लक्ष घातले तर विद्यार्थ्यांनाही चांगले काम मिळेल. नगरच्या दलित शिक्षणाचा इतिहास या कागदांवाचून पुरा होणार नाही. ज्यांच्या घरी मास्तर होऊन गेले, त्यांनी जुन्या वह्या, पत्रे, नेमणुकीचे कागद रद्दीत घालू नयेत.

आजोबांची वही मी कापडात बांधून ठेवली आहे. जो धर्मप्रांत किंवा जे ग्रंथालय तिची नीट प्रत काढून घेईल, त्याच्याकडे ती घेऊन मी स्वतः येईन.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
ता. राहुरी, जि. अहिल्यानगर