परत ऑफिसला जायला लागलोय

डोंबिवली, 27 फेब्रुवारी 2021

प्रिय संज्या,

तुझी व्हॉइस नोट ऐकली. अमरावतीत परत लॉकडाऊन म्हणजे तू सध्या घरीच, पण तूही केंद्र सरकारच्याच नोकरीत, उघडल्यावर बोलावतीलच. 13 तारखेचा आदेश आहे, सगळ्यांनी रोज हजर राहायचं, आपल्याला, दिसत नसलेल्यांना, होती ती घरून कामाची सवलत गेली. हजेरीचं अंगठ्याचं मशीन अजून बंद आहे तेवढं बरं.

आता तू विचारलंस की ज्याला दिसतच नाही त्याने कशाला हात न लावता जायचं कसं, तर नाहीच जाता येत रे, लोकलचा दांडा धरावाच लागतो, जिन्याचं रेलिंगही. म्हणून मी वाटणी केलीय, उजवा हात दुनियेचा, डावा माझा. काठी, दांडा, दरवाजे सगळं उजव्याने, मोबाइल आणि मास्क फक्त डाव्याने. काठीची फक्त मूठ पुसून भागत नाही, घडी घालताना जमिनीवर घासलेलं टोक हातातच येतं, ते विसरू नकोस. आणि कोणी सोबत चालवत नेत असेल तर खांदा धर, कोपर नको, सगळे जण आता त्याच कोपरात शिंकतात!

प्लॅटफॉर्मवर दिव्यांगांच्या डब्यासमोरचा बीप अजून वाजतो पण 1 तारखेपासून सगळ्यांना लोकल सुरू झाली ना, वेळा ठरवून दिल्यात तरी गर्दी वाढलीच, त्यात मास्कमधून लोक काय बोलतात ते निम्मं कळत नाही.

ऑफिसात तर गंमतच. लिफ्टच्या बटणांवर जाड प्लास्टिक चिकटवलं, सेफ्टी म्हणे, खालचं ब्रेल गायब, मग मी कितव्या मजल्यावर उतरायचं? तोंडी सांगून कोणी हललं नाही. मग अर्ज टाकला, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 20 लिहिलं, सरकारी ऑफिसने आपल्याला लागेल ती सोय करून द्यायचीच असं त्यात आहे, तेव्हा कुठे प्लास्टिक निघालं. वॉचमन न बोलता कपाळाशी ती तापाची बंदूक धरायचा, दचकायला व्हायचं, त्याला म्हटलं आधी आवाज दे बाबा. कँटीनच्या लाइनीत जमिनीवर गोल काढलेत, ते काय काठीला लागणारेत? मागच्यालाच सांगतो, पुढचा सरकला की बोला. सॅनिटायझरची बाटली मात्र रोज कोणीतरी हलवतं, मी आपली खिशातच ठेवतो.

तू जॉइन व्हायच्या आधीच अर्ज देऊन ठेव, आणि पोच घे. माझा नमुना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो, टाइप केलेलाच, फोटो नाही, नाहीतर तुझ्या फोनवरचं वाचून दाखवणारा टॉकबॅक नुसतं 'इमेज' म्हणून गप्प बसेल. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विन्या