सहरीची वेळ मुंबईची, रोजा नागपूरचा

महोदय,

यंदा (२०१८) १७ मेपासून रमजानचे रोजे सुरू झाले आणि तेव्हापासून आपल्या दैनिकात सहरी (रोज्याआधीचं पहाटेचं जेवण) आणि इफ्तारच्या (संध्याकाळी रोजा सोडण्याच्या) वेळा रोज छापून येत आहेत, त्याबद्दल आभार. मात्र त्या वेळा मुंबईच्या असतात आणि अंक विदर्भातही वाचला जातो. उन्हाळ्याच्या रोज्यात हा फरक रोजेदाराला फार जड जातो.

मुंबई आणि नागपूर यांच्या रेखांशात सव्वासहा अंशांचं अंतर आहे. अंशाला चार मिनिटं धरली की पंचवीस मिनिटं झाली. पण मे महिन्यात सरसकट पंचवीस मिनिटं वजा करून भागत नाही, कारण नागपूर उत्तरेकडे असल्याने तिथला दिवस थोडा मोठा असतो. सध्या मुंबईत सूर्य सुमारे ६.०२ ला उगवतो, नागपुरात ५.३४ ला. मावळतो मुंबईत ७.०८ ला, नागपुरात ६.४६ ला. म्हणजे सकाळी २८ मिनिटांचा फरक, संध्याकाळी २२. सोलापूर दक्षिणेला, म्हणून तिथे उलट: सकाळचा फरक कमी, संध्याकाळचा जास्त.

शिवाय रोजा सूर्योदयाला नव्हे, सुबह सादिकला सुरू होतो. पूर्वेला आडवा पांढुरका उजेड फुटतो ती ही वेळ, हिशेबाने सूर्य क्षितिजाखाली १८ अंशांवर असताना. मुंबईत ती साधारण ४.४२, नागपुरात ४.१२. आता पेपरातली वेळ बघून नागपूरजवळच्या कामठीतल्या घरात कुणी साडेचारला ‘अजून बारा मिनिटं आहेत’ म्हणून भाकरीचा शेवटचा घास दह्यात बुडवत असेल, तर सहरी संपून १८ मिनिटं झालेली असतात. चुकून खाल्लं म्हणून कफ्फारा (जाणूनबुजून रोजा मोडल्याचं प्रायश्चित्त) लागत नाही, पण तो रोजा धरला जात नाही. पंचेचाळीसच्या उन्हात दिवसभर उपाशी-तहानलेलं राहायचं आणि रमजाननंतर त्याची कजा, म्हणजे बदली रोजा, वेगळी करायची. संध्याकाळी मशिदीची अजान कानावर पडते, चूक सावरते. पहाटे मात्र बरीच घरं घड्याळावरच विसंबून असतात. मोबाइलवरच्या वेळाही डोळे झाकून घेऊ नयेत. त्यात १८ ऐवजी १५ अंशांची पद्धत निवडलेली असेल, तर सहरीची वेळ आणखी पंधरा मिनिटं पुढे दिसते.

दुसरा मुद्दा पाण्याचा. ‘सहरीला भरपूर पाणी प्या’ हा सल्ला दर उन्हाळ्यात छापून येतो आणि तो अपुरा आहे. शरीर पाण्याचा साठा करत नाही. शेवटच्या दहा मिनिटांत लिटरभर पाणी पोटात ढकललं, तर त्यातलं बरंचसं दोन-तीन तासांत लघवीवाटे निघून जातं, आणि दुपारी घसा कोरडा तो कोरडाच. इफ्तार ते सहरी साडेनऊ तास मिळतात. तेवढ्यात पाव लिटरचे दहा ग्लास वाटून घ्यावेत: इफ्तारला दोन, मगरिबच्या (सूर्यास्ताच्या) नमाजनंतर जेवताना एक, तरावीहच्या (रमजानमधल्या रात्रीच्या खास नमाजच्या) आधी एक आणि नंतर एक, झोपताना दोन, सहरीला उठल्याबरोबर एक आणि जेवणासोबत दोन. उन्हात राबणाऱ्याला याहून जास्त लागेल. मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या रुग्णाने मात्र डॉक्टरांनी ठरवून दिलेलंच प्रमाण पाळावं.

इफ्तारला तीन खजूर आणि पाणी घ्यावं, नमाज पढून मग जेवावं. रिकाम्या पोटी आधी समोसे-भजी गेली की जळजळ होते आणि पाण्याला जागा उरत नाही. सहरीला लोणचं, पापड, खारवलेले पदार्थ टाळावेत, तहान त्यांनीच वाढते. भाकरी, डाळ, अंडं, दही, काकडी, केळं यांवर दिवस बरा जातो. दुपारी अंघोळ करावी, ओला टॉवेल डोक्यावर घ्यावा, त्याने रोजा तुटत नाही. वजूत (नमाजआधी हात-तोंड-पाय धुताना) चूळ भरताना मात्र जपावं: पाणी चुकून घशाखाली गेलं तर हनफी पंथाच्या मताने रोजा तुटतो. कोकणातले शाफई पंथाचे मुसलमान, चूळ अति जोराने भरली नसेल, तर तो तुटला असं मानत नाहीत.

मधुमेहींनी गोळ्या-इन्सुलिनच्या वेळा स्वतः बदलू नयेत, डॉक्टरांकडून बदलून घ्याव्यात. बोट टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही. ती ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली, तर रोजा तिथेच सोडावा. भोवळ, बरळणं, अंग तापून घाम थांबणं ही उष्माघाताची लक्षणं दिसली तरी तेच. माणूस शुद्धीवर असेल तरच पाणी पाजावं, अंग ओलं करून वारा घालावा आणि तातडीने दवाखाना गाठावा. आजाऱ्याला रोज्याची सूट कुरआननेच दिली आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांनी अशा वेळी ‘आता दोनच तास राहिलेत’ म्हणून थांबवू नये.

आपल्याकडे विनंती इतकीच, की मुंबईसोबत सोलापूर, नांदेड आणि नागपूरच्या वेळा द्याव्यात. तीन ओळींची जागा पुरेल. रोजे अजून निम्म्याहून जास्त बाकी आहेत.

एक वाचक, कामठी (जि. नागपूर)