दुसरा डबा उघडू नकोस

वाई,
रविवार, दुपार

चि. मंदार यास,
अनेक आशीर्वाद.

कागदावर लिहितेय, म्हणजे तुला मध्येच फोन ठेवता येणार नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं असतं तर दोन निळ्या खुणा उमटल्या असत्या आणि विषय तिथंच मिटला असता. हे पोचेपर्यंत तुझा राग निवला असेल. माझाही.

आधी बाबांचं. बरे आहेत. स्टेंट बसवून आज बाविसावा दिवस. सकाळी गणपती घाटापर्यंत चालत जातात, येताना दोनदा बसतात आणि घरी येऊन सांगतात, एकदाच बसलो. आमटीत मीठ कमी झाल्यापासून तोंड कडू करून जेवतात, पण जेवतात.

तुला बारा दिवस कळवलं नाही, ही चूक माझी. बाबांवर रागावू नकोस. तू म्हणालास, "मला परकं करून टाकलंत." ते लागलं, आणि लागायलाच हवं होतं. पण त्यापुढे तू जे बोललास ना, "नाहीतरी मला कोणी लागत नाही," ते काही डोक्यातून जात नाही. ते उकरायचं नाही असं ठरवूनच पेन हातात घेतलं होतं. तिसऱ्याच परिच्छेदात घसरले बघ.

त्या रात्री काय झालं ते तुला नीट सांगितलंच नाही. पावणेदोन वाजले असतील. बाबा मोरीच्या उंबऱ्यावर बसले होते, बनियन घामानं भिजलेलं, आणि मला म्हणाले, "जरा पंखा वाढव." पंखा पाचवर होता. मी खिडकीतून हाक मारली. कोणाला मारली ते मलाच ठाऊक नाही, नुसती "अहो, कोणीतरी या" अशी. पहिले आले ते पलीकडचे काका. हो, तेच. सांडपाण्याच्या पाइपावरून नऊ वर्षं ज्यांच्याशी आपला शब्द नाही ते. लुंगीवरच आले, बाबांना खुर्चीत बसवून खुर्चीसकट जिना उतरवला. खालच्या टोकाला सुध्या होता. त्याची व्हॅन घराखालीच असते. साताऱ्यापर्यंतच्या वाटेत तो मागं वळून एकच सांगत होता, "काकू, त्यांना बोलतं ठेवा." सकाळी सातपर्यंत तो तिथंच, दवाखान्याच्या पायऱ्यांवर, चहाचा कप हातात तसाच धरून.

मग म्हणाला, "मंद्या काय म्हणतोय?" मी म्हटलं, "मजेत आहे."

मंदार, तू मजेत आहेस ना?

गेल्या महिन्यात व्हिडिओवर नवीन घर दाखवत होतास. छान आहे, लख्ख आहे. तुझ्या पगारात तोक्योत स्वतःचं वेगळं घर, याचं मला कौतुकच आहे. शाळेच्या आमच्या ग्रुपवर मी तो फोटो टाकला, हेही कबूल करते. पण ओट्यापाशी भांडी निथळत होती ना, तिथं एक ताट, एक वाटी, एक पेला होता. एक चमचा. फोन ठेवला तरी तेच दिसत राहिलं. निशी-कासाईत, आपल्या लोकांच्या वस्तीत, होतास तेव्हा निदान जिन्यात कोणाच्या तरी फोडणीचा वास यायचा, तूच सांगायचास. रूमवर भांडण झालं, मान्य. भाडं, फ्रिज, जे काही असेल ते. पण तिथून इतकं लांब जायचं की वाटेत कोणी आपलं भेटूच नये?

जेवतोस कोणाबरोबर? एवढंच विचारते.

तू हसशील, पण मी वाचनालयात जाऊन थोडं वाचलं. सवय जात नाही. बॉस्टनला १९३८ साली एक अभ्यास सुरू झाला, हार्वर्डचे २६८ विद्यार्थी घेऊन. पुढे त्यात गरीब वस्त्यांतली ४५६ मुलंही जोडली गेली. ती म्हातारी होईपर्यंत त्यांच्या मागावर राहिले, रक्त तपासलं, घरी जाऊन विचारलं. तर ऐंशीत कोण धडधाकट असेल याचा अंदाज पन्नाशीतल्या कोलेस्टेरॉलवरून जेवढा आला नाही, तेवढा घरादाराशी, मित्रांशी त्यांचं कितपत जमतं यावरून आला. ते मी बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मग माझ्या गोळ्या बंद कर आणि पलीकडच्याला चहाला बोलव." गोळ्या चालू आहेत. चहालाही बोलावलं. पाइपाचा विषय निघाला नाही, पण दोघांची नजर सारखी तिकडेच जात होती.

तुझ्या जपानबद्दलही वाचलं. एकटं राहून एकटंच मरण्याला तिकडे शब्दच आहे म्हणे, कोदोकुशी. २०२१ साली एकटेपणासाठी वेगळा मंत्री नेमला. २०२४ मध्ये शहात्तर हजारांहून जास्त माणसं घरात एकटी असताना गेली, असा तिथल्या पोलिसांचा आकडा आहे. बरीचशी म्हातारी. पण सगळी नाहीत. मी ते पान बंद केलं आणि परत उघडलं.

बघ, वर्गात उभी राहिल्यासारखी बोलायला लागले. चौतीस वर्षं खडू धरला की असं होतं. राग मानू नकोस. तू तेहेतीस वर्षांचा आहेस, स्वतःचं बघतोस, आमचंही बघतोस. दवाखान्याचं बिल तू एका फटक्यात भरलंस तेव्हा मी नातेवाइकांसमोर जरा जास्तच मोठ्यानं बोलले.

पण एक गोष्ट मला सांगायचीच आहे, आणि ती लिहायला हा सगळा कागद खर्ची पडला. तुझ्या दहावीची सुट्टी. रोज साडेचारला सुध्या खाली येऊन शीळ घालायचा. कृष्णाबाईच्या उत्सवात घाटावर पंगती वाढायला त्यांची सगळी टोळी असायची, तू द्रोण मांडायला हवा होतास त्यांना. आणि मी खिडकीतून सांगायचे, "तो अभ्यासाला बसलाय." अभ्यास कसला, परीक्षा संपली होती. अकरावीची पुस्तकं आणून ठेवली होती मी. त्याचं गणित कच्चं, त्याच्या संगतीनं तुझंही बिघडेल, अशी माझी समजूत. पंधरा-वीस दिवसांनी तो यायचा बंद झाला. तू काही बोलला नाहीस. तू खिडकीपाशी यायचाही बंद झालास, ते मला फार उशिरा लक्षात आलं.

मार्क चांगले पडले. मी पेढे वाटले, सुध्याच्या घरीही.

एकटं राहणं तुला मीच शिकवलं की काय, हे विचारायचं होतं. उत्तर नको. निदान फोनवर नको.

सोबत पार्सल येतंय. मेतकूट आहे, भाजणी आहे, डिंकाचे लाडू दोन डब्यांत आहेत. निळ्या झाकणाचा तुझा. दुसरा डबा उघडू नकोस. तिकडे नवीन घरात गेलं की शेजाऱ्यांना टॉवेल नाहीतर सोबाच्या शेवया द्यायची रीत आहे ना? तूच पहिल्या वर्षी सांगितलं होतंस, हसून. दोन महिने उशीर झालाय, पण आई आजारपणात गुंतली होती म्हणावं. टॉवेलऐवजी लाडू. कडक झाले असतील तर चहात बुडवायला सांग.

सुध्याचा नंबर बाबांच्या फोनवरून पाठवलाय. त्याला काय बोलायचं, असं म्हणशील. त्याचीही तीच अडचण आहे. काल म्हणाला, "काकू, फोन करीन हो, पण बोलू काय?"

आता थांबते. साडेचार वाजलेत, बाबांना फिरायला न्यायला तो आलाय. अजूनही वर येत नाही, खालूनच शीळ घालतो.

तुझी,
आई

ता. क. रात्री काय जेवलास ते कळव. आणि कोणाबरोबर, तेही.